पहिली हाक कोणाला?

मीना,

"तुमच्या घरात काही बरंवाईट झालं, तर पहिली हाक कोणाला माराल?"

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या कितीतरी ओसऱ्यांवर बसून, हातात छापील फॉर्म धरून तू हा प्रश्न विचारलास. शेजारी बसून बसून मला तो इतका पाठ झाला होता की तू पाणी पीत असलीस तर मीच विचारून टाकायची. लोक कसे गडबडतात, एकमेकांकडे बघतात, मग हळूच एक नाव सांगतात, हे मी पाहिलं होतं. पण मला स्वतःला कधी कुणी तो विचारला नव्हता.

त्या दुपारी दवाखान्यातल्या सिस्टरने विचारला. "मॅडम, तुमच्या घरचं कुणी येणार आहे का? फोन लावा ना कुणाला तरी." मी पर्समधून फोन काढला आणि रोजच्या सवयीने लावला. पलीकडे लता उभी होती, आपली शेजारीण. तिच्या हातातल्या पिशवीत तुझा चष्मा, तुझी चप्पल असं काहीबाही होतं. त्या पिशवीतच फोन वाजायला लागला. मी तुलाच लावला होता. तू समोरच्या खाटेवर होतीस, चादर तोंडावर ओढलेली. सिस्टरने माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

तेव्हापासून मी तुझ्यावर रागावलेली आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तू तरी कुठे जिवंतपणी मला धड रागावू दिलंस? मी आवाज चढवला की तू पेन काढायचीस. "थांब, हे छान बोललीस, परत सांग." अशा बाईशी भांडायचं कसं?

तू पहिल्यांदा आलीस ती खोली बघायला. पुण्याच्या विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारी बाई पेणमध्ये खोली घेऊन काय करणार, असा मला प्रश्न पडला. मी इथल्या शाळेत भूगोल शिकवत होते, एकटी राहत होते, वरची खोली रिकामी होती. तू म्हणालीस, "निवडणुकीनंतर माणसं एकमेकांशी बोलणं का सोडतात, ते बघायचंय." मी म्हटलं, "त्यासाठी खोली कशाला? माझ्या भावाच्या घरी दोन दिवस राहा." तू हसलीस ते अजून आठवतं. हसताना तुझा चष्मा नाकावरून घसरायचा आणि तू तो तसाच राहू द्यायचीस.

तुझे बरोबरीचे प्राध्यापक लोकसभा, विधानसभा असल्या मोठमोठ्या गोष्टींवर लिहायचे, टीव्हीवर दिसायचे. तू ग्रामपंचायत धरून बसलीस. "लोकसभेला कुणी वहिनीशी बोलणं सोडत नाही, कुसुम. ग्रामपंचायतीला सोडतात." असं म्हणून तू मोठा कागद जमिनीवर पसरायचीस. प्रत्येक घराचा एक ठिपका आणि कोण कोणाला हाक मारतं त्याच्या रेघा. मी त्याला तुझी रांगोळी म्हणायची. तू मात्र गंभीरपणे सांगायचीस की गाव म्हणजे घरं नव्हेत, गाव म्हणजे या रेघा. बरं बाई, मी म्हणायची, पण रांगोळीवर पाय देऊ नको, जेवायला ये.

तुला दुभाषी लागायची ही तर माझ्या शाळेत सगळ्यांच्या चेष्टेची गोष्ट होती. दोघी मराठीच बोलणाऱ्या, आणि दुभाषी कसली? पण तू आपलं पुस्तकी मराठी काढून "आपले सामाजिक संबंध कसे आहेत?" असं विचारलंस की समोरची बाई पदर तोंडाला लावायची. मी रोह्याची. मी म्हणायची, "गो, तुझं कोनाशी पटतं, कोनाशी नाय?" मग गाडी सुरू व्हायची. रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी तुझ्याबरोबर हिंडले. भूगोलाच्या बाईला तालुक्याचा भूगोल तेव्हा कळला.

आणि मग ते गाव. त्याचं नाव तू कुठेच छापलं नाहीस, मीही इथे लिहीत नाही. तुझ्या लेखांत ते 'क' गाव. गावातल्या कुणीतरी ते ऐकलं तेव्हा केवढा रुसवा. "येवढा मोठा गाव आमचा, आनि नाव काय तर क?" तू पार ओशाळलीस. पण बदललं नाहीस.

'क' गावात आपण पहिल्याच दिवशी माती खाल्ली. एसटीने फाट्यावर सोडलं, ऊन मी म्हणत होतं, आणि पहिलंच घर आनंदीचं. ओसरी सारवलेली, तांब्यात गार पाणी. तिने बसवलं, चहा केला, वर पोहेही केले. आपण दोघी पाय पसरून बसलो. तास गेला असेल. मग पुढच्या घरी गेलो तर दार लोटलेलं. त्याच्या पुढच्या घरातून आवाज आला, "घरात कोन नाय." बोलणारी बाई घरातच होती! विहिरीवरच्या बायका आपल्याला बघून कळशा उचलून चालत्या झाल्या.

परत आलो तर आनंदी ओसरीवर बसून हसत होती. "तुमी आमच्याकडं च्या पिलाव ना बाय? आता तुमीपन वाळीत."

तेव्हा कळलं. गावकीने सरपंच बिनविरोध ठरवला होता आणि आनंदीचा नवरा सीताराम त्याच्याविरुद्ध उभा राहिला. पडला. पडल्यावर गावकीने त्या घराला वाळीत टाकलं. त्या घराशी बोलायचं नाही, त्यांच्या लग्नाला जायचं नाही, मयताला जायचं नाही, दुकानदाराने सामान द्यायचं नाही. निवडणुकीनंतर माणसं बोलणं का सोडतात याचा अभ्यास करायला आलेली बाई बरोबर त्याच घरात पोहे खाऊन बसली होती. कोण कोणाकडे पहिला चहा पितं यावर गाव माणसाची जागा ठरवतं हे तू पुढे वर्गात मुलांना शिकवायचीस. ते आपण पोटात पोहे घालून शिकलो होतो.

पुढचा सबंध हंगाम त्या गावात आपल्याशी कुणी बोललं नाही. तू चिकाटीची. दर रविवारी जायचीस, पारावर बसायचीस, परत यायचीस. शेवटी दार उघडलं ते हिराबाईने, म्हणजे खुद्द सरपंचाच्या बायकोने. तिने बसायला पाट दिला, घाईघाईने उत्तरं दिली. आणि तुझा तो प्रश्न आला तेव्हा ती थांबली. दाराकडे बघून हळूच म्हणाली, "आनंदीला."

तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे.

"आनंदीला? बोलता का तुम्ही तिच्याशी?" मी विचारलं.

"नाय. कसा बोलनार? पन ती माज्या म्हायेरची हाय. एका आळीतल्या आमी. काय झाला तर तोंडात तिचाच नाव येनार, दुसरा काय येनार?"

तू त्या दिवशी इतकी आनंदात होतीस की परतीच्या एसटीत कंडक्टरलाही सांगायला निघाली होतीस. निवडणूक बोलणं तोडते, हाक तोडत नाही. बोलण्याच्या रेघा वेगळ्या आणि हाकेच्या रेघा वेगळ्या. तुझं सगळं पुढचं काम त्या एका वाक्यावर उभं राहिलं. मला मात्र राग आला होता. वडखळच्या नाक्यावर गाडी अडकली आणि आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, "हाक मारीन म्हणणं आणि मारणं यात फरक असतो मीना. ती बाई आज दारावरून जाते आणि आनंदीकडे बघतही नाही. असल्या हाकेचं काय लोणचं घालायचंय?" तू म्हणालीस, "म्हणणं हेही नातंच आहे." अलिबागकडे वळणाऱ्या गाड्या आडव्या घुसत होत्या, ड्रायव्हर शिव्या देत होता, आणि आपण दोघी मागच्या बाकावर तावातावाने. ते भांडण आपण पुढे आयुष्यभर पुरवून पुरवून वापरलं.

त्याच भांडणातला कडू भाग सीतारामची आई गेली तेव्हाचा. आपण योगायोगाने त्या दिवशी गावात होतो. अंगणात सीताराम, त्याचा मेव्हणा आणि बाजारपेठेतला इब्राहिमभाई. इब्राहिमभाईंचा तांदळाचा व्यापार, मुलगा आखातात. सीतारामचं भात वर्षानुवर्षं तेच घ्यायचे. गावातलं माणूस एकही नाही. चौथा खांदा मिळेपर्यंत म्हातारी अंगणात पडून होती. मी आत जाऊन आनंदीजवळ बसले. तू फाटकाबाहेर उभी राहिलीस. आत आलीच नाहीस. शेवटी शेजारच्या गावातून म्हातारीचा कुणी भाचा आला आणि ते चौघं निघाले.

"तू माणूस आहेस की फॉर्म?" मी तुला गाडीत विचारलं होतं. मीना, तो शब्द तुला लागला होता, मला दिसलं होतं.  मग म्हणालीस, "मी आत गेले असते तर मला बरं वाटलं असतं, कुसुम. तिला नाही. मी उद्या पुण्याला जाणार. तिला इथे राहायचंय. तिच्याजवळ इथलं कुणी बसायला हवं होतं." मी म्हटलं, "इथलं कुणी बसेपर्यंत तू बस ना!" तू उत्तर दिलं नाहीस. ते तू अजून दिलेलं नाहीस.

मग वर्षं गेली. वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आला, गावकीने त्या घराला परत गावात घेतलं, सरपंच बदलले, सीताराम वारला. आनंदी आणि हिराबाई मात्र बोलल्या नाहीत. आता कुणाची बंदी नव्हती, सवयच मोडली होती. तुझी पुस्तकं झाली. तू निवृत्त झालीस, पुण्यातलं घर ठेवलंस पण राहायचीस जास्त इथेच. लोक विचारायचे, या तुमच्या कोण? मी म्हणायची, भाडेकरू. तू म्हणायचीस, ही माझी घरमालकीण, फार कडक आहे. पनवेलहून गाडीत बसलीस की पेणच्या अलीकडे, जिते स्टेशनाला आल्यावर फोन यायचा. "जितं आलं, चहा टाक." तू स्टेशनवरून घरी पोचेपर्यंत चहा उकळून काळा व्हायचा. एकदाही तो वेळेवर झाला नाही, आणि एकदाही तू कुरकुर केली नाहीस.

मी तुला कितीदा विचारलं, "तुझं उत्तर काय गं? तू पहिली हाक कोणाला मारशील?" तू चष्मा पुसायला घ्यायचीस. "प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर द्यायचं नसतं. सगळा अभ्यास बिघडतो." मी हसून सोडून द्यायची. पण मला ते हवं होतं मीना. या वयात हावरटासारखं हवं होतं. मला नवरा नाही, मूल नाही. भाऊ चांगला आहे, पण त्याला हाक मारली तर तो आधी बायकोकडे बघतो. माझं उत्तर केव्हाच ठरलेलं होतं. तुझ्याकडे माझं नाव आहे की नाही, एवढंच मला कळून घ्यायचं होतं.

आणि त्या दिवशी मी भावाकडे रोह्याला गेले होते, तुझ्या छातीत दुखायला लागलं, आणि तू लताला हाक मारलीस.

लता शेजारी राहते, गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. ती धावत येणार, तिचा नवरा गाडी काढणार, हे सगळं मला समजतं. मी काही दूधखुळी नाही. पण दवाखान्यात नेईपर्यंत तू शुद्धीवर होतीस. बोलत होतीस. फोन तुझ्या हातात होता. मी परतीच्या गाडीत खिडकीशी बसले होते, माझा फोन मांडीवर होता, आणि तो वाजला नाही. पेणला उतरले तर फलाटावर लता उभी. बोटांना काळा रंग तसाच. तिने माझा हात धरला आणि मला कळलं.

मी लताशी दहा दिवस धड बोलले नाही. दहाव्याला घरात माणसं आली. तुझे दोन-तीन विद्यार्थी पुण्याहून आले, माझ्या शाळेतल्या बाया आल्या. आणि 'क' गावातून आनंदी आणि हिराबाई आल्या. एकाच एसटीने, वेगवेगळ्या बाकांवर बसून. आनंदी या भिंतीला टेकली, हिराबाई त्या भिंतीला. तुझ्या कागदावर काढल्यासारख्या.

लता सगळ्यांना चहा देत माझ्यापाशी आली आणि माझा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हणाले, "तिला तुला हाक मारता आली, मला एक फोन नाही करता आला? आणि तुलाही सुचलं नाही?"

लताने ट्रे खाली ठेवला. "ताईंनीच नको म्हटलं हो," ती रडतच म्हणाली. "मी लावत होते तुमाला. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, ती गाडीत एकटी असेल, तिला आता सांगू नको. दवाखान्यात मी तुझ्या नवऱ्याबरोबर जाते, तू स्टेशनवर जा. ती उतरेल तेव्हा तिच्याजवळ कुणीतरी पाहिजे. म्हणून मी त्यांच्याबरोबर गाडीत बसलेच नाही. मला वाटलं, तुमी रागवाल, म्हणून बोलले नाही."

 मग या भिंतीकडून आनंदी म्हणाली, "मलापन असाच सांगितलंन तिनं. मी इचारला होता तिला. बाय, तू सगल्यांना इचारतेस, तुजा काय? तर बोलली, मी कुसुमला नाय मारनार हाक. मला काय झाला तर मला कोन बगेलच. कुसुमजवल कोन बसंल ते बगायला पायजे. तू जाशील का, असा इचारलंन."

"कधी?" मी विचारलं.

"सासूच्या मयताच्या वक्ताला. ती फाटकाभायेर उबी व्हती ना, त्याच्या फुडच्या रयवारी एकटीच आली व्हती. माज्याकडं बसली. तवा तू नवतीस."

मला हे कधी सांगितलं नाहीस. तू गेली होतीस तिच्याकडे. एकटी. मी तुला फॉर्म म्हटलं ते तसंच घेऊन मुकाट माझ्या घरी जेवत राहिलीस.

त्या दिवशी सगळ्यांसमोर मी ओक्साबोक्शी रडले, ते तुला आवडलं नसतं. तू म्हणाली असतीस, कुणाकुणाने पाठीवर हात ठेवला ते बघ. बघितलं. आधी लताने ठेवला. मग दोन्ही भिंतींकडून दोघी उठल्या. माझ्या एका बाजूला आनंदी बसली, दुसऱ्या बाजूला हिराबाई. एकमेकींशी त्या बोलल्या नाहीत. संध्याकाळच्या आधी दोघी निघाल्या तेव्हा मी खिडकीतून बघत होते, स्टँडकडे जाताना तरी बोलतात का. वळणापर्यंत नाही बोलल्या. वळणानंतरचं मला दिसलं नाही, आणि हे सांगायला तू नव्हतीस.

तर आता ऐक. मी तुझी ऋणी आहे आणि माझा राग गेलेला नाही. माझ्या एकटेपणाची तू व्यवस्था लावून ठेवलीस, मला न विचारता. स्टेशनवर कोण, घरी कोण, सगळं ठरवलंस. पण मला तुझा आवाज ऐकायचा होता. गाडीत एकटी असले असते, घाबरले असते, किंचाळले असते, तरी चाललं असतं. "कुसुम, दुखतंय गं" एवढं तू मला म्हणायला हवं होतंस. तू परत फाटकाबाहेरच उभी राहिलीस. तिच्याजवळ इथलं कुणी बसायला हवं, म्हणून स्वतः बाजूला झालीस. मी तेव्हाही म्हणत होते, अजूनही म्हणते, ते चूक आहे. आता उत्तर दे.

तू उत्तर देत नाहीस. घरात फार शांत आहे. वरच्या खोलीत तुझी रांगोळी गुंडाळून ठेवली आहे, ती मी उघडत नाही. संध्याकाळी पनवेलची गाडी येण्याच्या सुमाराला पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात. काल मी सवयीने दोन कप चहा टाकला आणि दोन्ही कप समोर घेऊन बसले. चहा गार झाला. मग मी फोन उचलला आणि आनंदीला लावला.

"काय गो, काय झाला?" ती घाबरून म्हणाली.

"काही नाही," मी म्हटलं. "हाक मारून बघितली."

 मग ती म्हणाली, "बरा केलास. मीपन सकालधरनं बसलेली, कोनाला हाक मारू, कोनाला मारू."

मीना, लिहून घे. कुसुम, पेण. उत्तर: आनंदी. पण तुझ्या फॉर्मवर एकाच नावाला जागा आहे आणि ती तुझ्या नावाने भरलेली आहे. हे दुसरं नाव आहे. खाली कुठेतरी जागा करून लिही.